दोघींना पेलेल अशी गाडी

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकायला येणारे तिला पाठीमागे ‘ब्रेकबाई’ म्हणायचे, आणि ते तिला ठाऊक होतं. एकोणीस वर्षं ती शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसत आली होती, पायाखाली शिकवणाऱ्यासाठीचा जादा ब्रेक घेऊन. शिकणारा क्लच सोडता सोडता घामाघूम व्हायचा आणि ही समोर बघत शांतपणे सांगायची, “घाई नाही. गाडी कुठे पळून जात नाहीये.” मग गाडी खरंच पळून जायला लागली की पाय दाबायची. दिवसाला सहा जण. संध्याकाळपर्यंत पोटरी दगडासारखी व्हायची.

दिवसात तिची स्वतःची म्हणावीत अशी बावीस मिनिटं होती. घरापासून स्कूलपर्यंत अकरा आणि परतीची अकरा, आपल्या छोट्या मोटारसायकलवर. तिथे शेजारी कोणी नसायचं आणि ब्रेक फक्त स्वतःसाठी असायचा.

घरी तिघं. नवरा औषधांच्या दुकानात कामाला, स्वभावाने लोण्यासारखा, पण झोपाळ्यावर बसला तरी मळमळणारा. हे त्याला आईकडून मिळालं होतं. सासूबाईंनी एका कारखान्यात एकतीस वर्षं मोटारींची सीट-कव्हरं शिवली, आणि त्याच मोटारीत बसायची वेळ आली की चौथ्या वळणाला त्यांच्या हातात पिशवी लागायची. बसमध्ये तेच. गोळ्या घेतल्या की बाई दोन दिवस पेंगत राहायच्या. त्यांची थोरली बहीण समुद्राकाठच्या एका गावात राहायची, चारशे किलोमीटर लांब, मध्ये मोठा घाट. तिकडे रेल्वे जात नाही. तेरा वर्षं दोघी बहिणी फोनवरच भेटत होत्या आणि फोनवरच भांडत होत्या.

या सगळ्याला कारण झाला सासूबाईंचा एक दात. सकाळी नऊची वेळ ठरलेली, टॅक्सी आलीच नाही, आणि दाढ तर ठणकत होती. सुनेने हेल्मेट पुढे केलं. “बसा मागे. हळू नेते.”

सासूबाई बसल्या. सगळा रस्ता गप्प. ब्रेकबाईला वाटलं, झालं, आता यांना काहीतरी होणार. सिग्नलला गाडी थांबल्यावर मागून आवाज आला, “अगं, याच्यावर किती लांब जाता येतं?”

“दातांच्या डॉक्टरपर्यंत.”

“त्याच्या पुढे.”

“का हो?”

“मला मळमळत नाहीये,” सासूबाई म्हणाल्या, आणि आवाजात असं आश्चर्य होतं की जणू कोणीतरी त्यांच्या नावाने पार्सल पाठवलं होतं.

पुढच्या रविवारी दोघी तलावापर्यंत गेल्या, चाळीस किलोमीटर. मळमळ नाही की चक्कर नाही. तोंडावर वारा असला की पोट गप्प बसतं, असा शोध अडुसष्टाव्या वर्षी लागला. पण गाडी बेताची होती. चढावर तिला धाप लागायची, मागची सीट म्हणजे एक अरुंद फळी, आणि तलावावर पोचल्यावर सासूबाईंचे गुडघे सरळ करायला सुनेला हात द्यावा लागला. तरी उभ्या राहिल्या राहिल्या त्या पहिलं वाक्य बोलल्या ते असं : “ही नको. मोठी बघ. लांब जाणाऱ्यांची असते ना, तसली.”

नवऱ्याला जेवताना सांगितलं, तर त्याचा घास हातातच राहिला.

“आई, तू अडुसष्ट वर्षांची आहेस!”

“माहितीये मला. जन्मापासून हजर आहे.”

“आणि तू?” तो बायकोकडे वळला. “तू तरी सांग हिला काहीतरी.”

ब्रेकबाईच्या तोंडावर जे हसू पसरलं होतं ते काही केल्या आवरत नव्हतं. लांबच्या प्रवासाची मोटारसायकल! तिने आजवर हे शब्दसुद्धा मनात मोठ्याने उच्चारला नव्हता.

नवी घ्यायचा प्रश्नच नव्हता. जुनीच, पण चांगली हवी. दोघींनी जुन्या गाड्यांच्या जाहिराती एका कागदावर उतरवून घेतल्या आणि फाटक्या सीटच्या खोडून टाकल्या. स्कूलच्या गाड्या बघणारा मिस्त्री बोलायला कंजूस माणूस. त्याने स्पॅनर पुसत पुसत सगळं चार वाक्यांत उरकलं. “इंजिन गार असताना बघायला जा. मालकाने आधीच तापवून ठेवलं असेल तर तो काहीतरी लपवतोय, उलट पावली परत या. टायरवर साल लिहिलेलं असतं ते वाचा. आणि मागे बसणाऱ्याला घेऊनच चालवून बघा, एकट्या माणसाला कुठलीही गाडी झकासच वाटते.”

पहिली गाडी एका तरुण डॉक्टरची होती. लालभडक, टोकदार, उभी असतानाही धावतेय असं वाटावं अशी. ब्रेकबाईच्या तोंडाला पाणी सुटलं. इंजिन गार, टायर नवे, कागदपत्रं चोख. पण मागची सीट पुढच्या सीटपेक्षा वीतभर उंच आणि हातरुमालाएवढी. सासूबाई डॉक्टरच्या खांद्याचा आधार घेऊन वर चढल्या आणि तिथूनच आजूबाजूला बघत म्हणाल्या, “इथून पंख्यावरची जळमटं छान निघतील.” डॉक्टर ओशाळला. त्याने कबूल केलं की त्याची बायकोही एकदाच बसली होती, आणि येताना टॅक्सीने आली.

दुसरी गाडी बघितली आणि मात्र दोघींचं भान हरपलं.

एका फोटो स्टुडिओवाल्याच्या गॅरेजमध्ये ती कापडाखाली झाकलेली होती. त्याने कापड ओढलं आणि सासूबाईंच्या तोंडून नुसता “अगंबाई” एवढाच शब्द निघाला. केवढी ती गाडी! पुढे मोठी काच, बाजूला पेट्या, आणि मागे चक्क आरामखुर्ची, पाठ टेकायला जागा, दोन्ही बाजूंना हात ठेवायला गाद्या. सासूबाईंनी आधी सीटवर हात फिरवला, शिवण बोटाने चाचपली, कोपऱ्यात दाबून फोम बघितला. “दुहेरी शिवण. माणसाने मन लावून केलंय.” मग त्या बसल्या. हात हातांवर, पाठ पाठीला. “आता मला कोणी उठवू नका,” त्यांनी जाहीर केलं.

ब्रेकबाई पुढे बसली. दोन्ही पाय पूर्ण टेकत नव्हते, फक्त चवडे. गाडी पावणेचारशे किलोची आहे, हे स्टुडिओवाल्याने सांगितलं. ती म्हणाली, “जमेल.” सासूबाईंचा फुललेला चेहरा आरशात दिसत होता, आणि ‘जमणार नाही’ म्हणायला तिची जीभ वळली नाही. तरी तिने पहिली फेरी एकटीने मारायची असं ठरवलं, आणि ते बरं केलं.

सरळ रस्त्यावर ती गाडी म्हणजे लोण्यातून सुरी. चौकातून परत येताना तिच्या छातीत नुसते पडघम वाजत होते. गॅरेजच्या आवारात वळताना वेग पायी चालण्याइतका होता, हँडल पूर्ण वळलेलं, आणि समोरून एक कुत्रं निवांत आडवं गेलं. तिने पुढचा ब्रेक दाबला. हँडल वळलेलं असताना, जवळजवळ थांबलेल्या गाडीवर पुढचा ब्रेक दाबायचा नाही, हे कोणीही सांगेल. पावणेचारशे किलो एका बाजूला कलले. तिने पाय रोवला, दात आवळले, एक क्षण धरलंही. आणि मग ते सगळं धूड सावकाश, अगदी सावकाश, आडवं झालं.

तिला काही लागलं नाही. गाडीच्या लोखंडी गार्डला एक ओरखडा आला, आणि स्टुडिओवाला इतका भला की म्हणाला, “माझ्याकडूनही तीनदा पडलीये. उगाच का विकतोय?” तिघांनी मिळून ती उभी केली. पण ब्रेकबाईची मान वर होईना. एकोणीस वर्षं लोकांना ब्रेक शिकवते, आणि ब्रेकनेच आडवी केली. मागे सासूबाई असत्या तर? हा विचार आला आणि तिने किल्ली स्टुडिओवाल्याच्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती शिकणाऱ्यांवर उगाच खेकसली. नवऱ्याला मनातून हायसं वाटत असणार, पण तो शहाणा, मूग गिळून राहिला. जाहिरातींचा कागद ब्रेकबाईने चुरगाळून केराच्या टोपलीत टाकला.

तिसऱ्या दिवशी ती कामावरून आली तर तो कागद इस्त्री केल्यासारखा सरळ होऊन टेबलावर पडलेला, आणि त्याच्यासमोर सासूबाई चष्मा लावून बसलेल्या.

“बस इथे,” त्या म्हणाल्या. “चूक माझी झाली.”

“तुमची कशी? पाडली मी.”

“मी खुर्ची बघून भुलले. आणि तू माझं तोंड बघून भुललीस. दोघींपैकी गाडी कोणी बघितलीच नाही.” त्यांनी पेन्सिलने कागदावर टकटक केलं. “आता ऐक. गाडीचं वजन कमी करता येतं का?”

“नाही.”

“तुझे पाय लांब करता येतात?”

“नाही.”

“आणि सीट?”

“सीटचं काय?”

“एकतीस वर्षं मी काय केलं, लोणची घातली? सीट मी शिवते. सीट कशीही असू दे, फाटकी असू दे, नसली तरी चालेल. तू फक्त तुझे दोन्ही पाय टेकतील आणि दोघींना पेलेल अशी गाडी बघ.”

ब्रेकबाईला एकदम हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन दिवस छातीवर बसलेला धोंडा त्या एका वाक्याने उचलला गेला. खरंच की! इतके दिवस त्या शोधत होत्या मागची सीट. सीट तर घरातच होती, मागच्या खोलीत, कापड टाकून झाकलेल्या शिलाई मशीनच्या रूपात.

मग काय, दोघी नव्या दमाने कागदावर तुटून पडल्या. आधी ज्या गाड्या ‘सीट फाटलेली’ म्हणून खोडल्या होत्या त्यांच्यावरची काट पुसली. त्यातली एक अठरा वर्षांची होती. दोन सिलिंडरचं साडेसहाशे सीसीचं इंजिन, वजन सव्वादोनशे किलो. जाहिरातीत मालकाने प्रामाणिकपणे लिहिलं होतं : ‘दिसायला बरी नाही.’

ते अगदी खरं होतं. रंग शेवाळासारखा, सीट मधोमध उसवलेली, त्यातून पिवळा फोम डोकावत होता. मालक जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले, उंच, वाकलेले गृहस्थ. गाडी का विकताय, असं विचारल्यावर ते म्हणाले, “डोळ्यांमुळे. समोरून एक ट्रक येतो, मला दोन दिसतात. आणि मी दोघांनाही वाट द्यायला जातो.”

ब्रेकबाईने आधी इंजिनवर तळहात ठेवला. थंडगार. मिस्त्रीची पहिली अट जमली. मग ती वाकून टायरवर बॅटरीचा उजेड टाकत राहिली. रबर भरपूर, पण साल आठ वर्षांपूर्वीचं.

“टायर बदलावे लागतील,” ती म्हणाली.

“लागतील,” मोजणीसाहेब लगेच म्हणाले. “कडक झालेत. किमतीतून वजा करा.”

पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर, म्हणजे फोर्कवर, तेलाचा ओघळ नव्हता. टाकीत उजेड पाडला तर आत स्वच्छ पत्रा, गंज नाही. साखळी मुळातच नव्हती. मागच्या चाकाला ताकद एका बंद नळीतल्या दांड्यातून जायची, म्हणजे ताणायची कटकट नाही आणि कपड्यांवर तेलही उडणार नाही. एका वहीत मोजणीसाहेबांनी अठरा वर्षांतला प्रत्येक तेलबदल तारखेसकट लिहून ठेवला होता, मोजणी खात्याच्या कोरीव अक्षरात. ब्रेकबाई गाडीवर बसली. दोन्ही टाचा जमिनीला. सपाट! तिने गाडी अलीकडे-पलीकडे झुलवून पाहिली. गाडी तिचं ऐकत होती.

बटण दाबलं. इंजिन एकदा खाकरलं आणि मग एका सुरात गुरगुरायला लागलं. तिच्या दंडावर काटा उभा राहिला.

सासूबाई हेल्मेट चढवून तयारच होत्या. मोजणीसाहेब जरा गडबडले. “आजी, तुम्ही कशाला? आधी त्यांना एकटीला बघू दे.”

“प्रवास मी करणार. मग गाडी मी नको तपासायला?” असं म्हणून त्या उसवलेल्या फोमवर बसल्यासुद्धा. बसल्या बसल्या हिशेब सांगितला, “पाय चांगले खाली आहेत. गुडघा मोकळा. धरायला दोन्हीकडे दांडी. सांगाडा उत्तम आहे हो, नुसती गादी मेली आहे.”

गल्लीतून निघाल्या. पहिल्याच गतिरोधकावर मागून ‘ठक्क’ असा आवाज आला आणि सासूबाई टुणकन उडाल्या.

“हे काय गं? माझ्या वजनावर गाडीने मत दिलं का?”

मागचं सस्पेन्शन गेलेलं असलं तर सगळंच मुसळ केरात. ब्रेकबाईने गाडी तशीच माघारी वळवली आणि काय झालं ते सांगितलं. मोजणीसाहेबांनी कपाळावर हात मारला. “अहो, मी गेली सात वर्षं एकटाच चालवतोय!” ते वाकले, सीटखालची एक गोल काळी मूठ शोधली आणि करकर करकर फिरवत राहिले. “मागे माणूस बसला की ही आवळायची, म्हणजे स्प्रिंग कडक होते. विसरलोच होतो. आता जा.”

पुन्हा तोच गतिरोधक. गाडी चढली, उतरली, आणि कसलाही आवाज नाही. मागून खांद्यावर एक जोरदार थाप पडली.

मग त्या गावाबाहेरच्या चढाला लागल्या. हाच तो चढ, जिथे छोटी गाडी रडकुंडीला यायची. तिसरा गिअर, चौथा, आणि गाडी दोघींना घेऊन अशी वर निघाली की जणू उतारच आहे. वळणांवर ब्रेकबाई कलली की मागची बाई तिच्यासोबत कलायची, ना आधी ना नंतर. वरच्या पठारावर तिने मुद्दाम दोनदा जोरात ब्रेक लावून पाहिला. गाडी सरळ, मऊ थांबली, दोघींची हेल्मेटं एकमेकांवर आपटलीसुद्धा नाहीत. एकोणीस वर्षं शेजारी बसून दुसऱ्यांच्या धक्क्यांनी मान हिंदकळून घेतलेल्या बाईला त्याचं मोल बरोबर कळलं. आणि परतताना, मोकळा रस्ता दिसल्यावर, तिने हेल्मेटच्या आत एक आरोळी ठोकली. मागूनही आली. मागची जास्त मोठी होती.

“रंग बदलायचा का?” गाडी घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं. तो गाडीभोवती दोन पावलं अंतर राखून फिरत होता.

“अजिबात नाही,” सासूबाई म्हणाल्या. “चोरालासुद्धा आवडणार नाही.”

त्यानंतरचे बारा दिवस मागच्या खोलीतून मशीनचा आवाज थांबला नाही. जुनी गादी काढली, तिचा साचा कागदावर उतरवला. खाली टणक फोम, वर मऊ, लांब पात्याच्या सुरीने थोडा थोडा तासत. पुढची बाजू अरुंद, म्हणजे ब्रेकबाईच्या टाचा टेकलेल्या राहतील. मागची बाजू रुंद आणि किंचित मागे उतरती, म्हणजे ब्रेक लागला तरी मागचं माणूस पुढे घसरणार नाही. मध्येच फोम कमी पडला तेव्हा घरातल्या आरामखुर्चीची उशी गायब झाली. त्याबद्दल कोणी कोणाला विचारलं नाही. शिवण सगळी दुहेरी, पाणी आत जाऊ नये म्हणून वरून आणखी एक पट्टी. खरी कसोटी घ्यायला त्यांनी मुलाला अंगणात उभ्या गाडीवर अर्धा तास बसवलं, हातात वर्तमानपत्र देऊन.

“काय वाटतंय?”

“काही नाही. छान वाटतंय,” तो नवलाने म्हणाला.

तेवढ्यात ब्रेकबाईने मागून गाडी जरा हलवली आणि तो पांढराफटक होऊन खाली उतरला. सासूबाईंनी मात्र शिवणकामाचा खडू कानामागे खोचत शेरा दिला, “सीट पास. माणूस नापास.”

नवे टायर बसले. मिस्त्रीने गाडीभोवती एक फेरी मारली, गुडघे टेकून खालून बघितलं आणि दोन शब्द बोलला : “बरी घेतली.” त्याच्या तोंडून हे म्हणजे ढोलताशे. दोघींनी आधी तलाव केला, मग शंभर किलोमीटरचा एक फेरा, मग एकदा अर्धा घाट. थांबायचं असलं की खांद्यावर दोन टिचक्या, हळू म्हणायचं असलं की एक. एक टिचकी फारशी पडायची नाही.

आणि एका शनिवारी, सकाळी सहाला, त्या निघाल्या. नवऱ्याने दोन्ही पेट्यांमध्ये मिळून औषधांची तीन पाकिटं भरली आणि दर दोन तासांनी फोन करायचं वचन घेतलं. घाटात धुकं होतं, मग ऊन. ब्रेकबाई दर तासाला थांबायची, सासूबाई उतरून चार पावलं फिरायच्या, कंबर मागे वाकवायच्या आणि पुन्हा चढायच्या. एका पेट्रोल पंपावर दोन दाढीवाले मोटारसायकलस्वार त्यांची सीट हाताने दाबून बघत होते. “कुठे करून घेतली, आजी?” सासूबाईंनी त्यांना आपल्या घरचा पत्ताच देऊन टाकला.

दुपारी चारला समुद्र दिसला. थोरली बहीण दारातच उभी होती, काठी टेकून, चौऱ्याहत्तर वर्षांची. सासूबाई उतरल्या. दोघी एकमेकींना घट्ट धरून बराच वेळ उभ्या राहिल्या, मग लगेच एका जुन्या गोष्टीवरून भांडायला लागल्या. चहा झाला. पण थोरलीचं लक्ष चहात नव्हतं. ती सारखी खिडकीतून त्या शेवाळी गाडीकडे बघत होती. शेवटी काठी भिंतीला टेकवून तिने भाचेसुनेला विचारलं, “मला एक चक्कर मिळेल का गं? फक्त त्या वळणापर्यंत?”

ब्रेकबाई हेल्मेट घेऊन आधीच उठली होती. तिने गाडी पायरीला लावली, थोरलीला हळूच वर घेतलं, सीटखालची मूठ एक वळसा सैल केली, कारण थोरली काडीसारखी होती. इंजिन गुरगुरलं. आणि फाटकात उभ्या राहिलेल्या सासूबाई, हात तोंडाशी धरून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत राहिल्या, “दांडी धर! वळणावर तिच्याबरोबर कल, उलटी नको! आणि परत लवकर या, आमचं अजून भांडण राहिलंय!”